मलेरियाचा जंतू वाचला, पण समजला किती?

घरात कुणाला हुडहुडी भरून ताप आला की डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. त्या रक्तात प्लास्मोडियम फाल्सिपेरम सापडला, तर काळजी जास्त. मलेरियाच्या परजीवींमध्ये हाच सर्वांत घातक.

या जंतूचा जनुकसंच ऑक्टोबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ गुणसूत्रे, सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरे. अक्षरे चारच: ए, टी, जी, सी. ना शब्द तोडलेले, ना पूर्णविराम. त्यातही शंभरांतली ऐंशी अक्षरे ए किंवा टी!

अशा मजकुरात जनुक कुठे सुरू होते, कुठे संपते, त्याचे काम काय, हे नोंदवण्याला ॲनोटेशन म्हणतात. त्यासाठी इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेने आर्टेमिस हे सॉफ्टवेअर बनवले आणि सर्वांना मोफत दिले. अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचायची, पण सुरुवात कुठून? म्हणून पडद्यावर सुलट तीन आणि उलट तीन असे सहा पट्टे दिसतात. ‘थांबा’ सांगणारी त्रयी आली की उभी काळी रेघ. रेघांच्या गर्दीत लांब मोकळी जागा दिसली, तर तिथे जनुक असू शकते. मात्र या जंतूच्या निम्म्याहून अधिक जनुकांत प्रथिनासाठी न लागणारे तुकडे मध्येच घुसलेले असतात. तिथे संगणक चकतो. निवाडा माणसालाच करावा लागतो.

जनुकाचे काम ठरवताना ते ओळखीच्या जनुकांशी ताडून पाहतात. २००२ मध्ये सुमारे ५,३०० जनुकांपैकी जवळपास ६० टक्क्यांचे काम सांगता आले नाही. तसे स्पष्ट लिहिले, हे उत्तमच झाले. नुसत्या साम्यावरून चुकीचे नाव चिकटवले, तर ते दुसऱ्या जंतूंच्या नोंदींतही उतरत जाते.

या खटाटोपाचा रुग्णाला उपयोग काय? आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचे आजचे मुख्य औषध. कंबोडियात त्याने जंतू लवकर मरेनासे झाले. तेव्हा संशोधकांनी प्रयोगशाळेत एका जंतूला पाच वर्षे हेच औषध देऊन निगरगट्ट केले आणि त्याचा जनुकसंच मूळ जंतूशी ताडला. बदल सापडला १३व्या गुणसूत्रावरच्या के-१३ जनुकात. कंबोडियातल्या रुग्णांच्या जंतूंतही याच जनुकात बदल निघाले. हे २०१४ मध्ये जाहीर झाले. औषधाचा जोर कुठे ओसरतो आहे हे ओळखण्यासाठी आता रुग्णाच्या रक्तातल्या जंतूचे तेच जनुक तपासतात.