बिली भिंतीत बसवताना

सुटे भाग खोक्यातून घरी आणून जोडायच्या फर्निचरवर स्वतःच्या हाताने काही करायचं असेल, तर आधी ते आतून काय आहे हे माहीत करून घ्यावं. आयकियाचं लॅक टेबल दिसायला चांगलं जाडजूड, पण आत कागदाची जाळी. पायांचे कोपरे सोडून मध्ये कुठेही स्क्रू मारला तर तो पकडच घेत नाही. कॅलॅक्सच्या बाहेरच्या जाड फळ्याही तशाच पोकळ. उंची कमी करायला करवत लावली की कापलेल्या तोंडाशी नुसती जाळी दिसते. इव्हार मात्र अस्सल पाइनचं, बिनरंगाचं. त्याला रंधा, करवत, रंग सगळं चालतं. बिली हे पुस्तकांचं कपाट या दोहोंच्या मधलं आहे. लाकडाच्या चिपट्या आणि रेझिन दाबून केलेला भरीव पार्टिकल बोर्ड, वर पातळ फॉइल.

आयकियाचे डिझायनर गिलिस लुंडग्रेन यांनी १९७९ साली बिलीचं डिझाइन केलं. १९५०च्या दशकात गाडीत मावेना म्हणून टेबलाचे पाय काढणारे, आणि त्यातून सुट्या भागांच्या फर्निचरची वाट दाखवणारे, ते हेच. हैदराबादला २०१८ साली आणि नवी मुंबईत तुर्भ्याला २०२०च्या डिसेंबरात आयकियाचं दुकान उघडलं आणि हे कपाट आपल्याकडच्या फ्लॅटमध्येही येऊ लागलं. ८० सेंटिमीटर रुंद, २८ खोल, २०२ उंच. दोन-तीन बिली शेजारी जोडून, भोवती पट्ट्या मारून, भिंतीला सलग सुताराने बांधल्यासारखं ग्रंथालय करता येतं. हे काम मी केलं आहे, आणि बिलीवर करण्याजोगं याहून चांगलं दुसरं काम मला दिसत नाही. कारण यात कापाकापी जवळजवळ नाही, सगळी भर आहे.

सुरुवात पायापासून. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, आणि पार्टिकल बोर्डाच्या उघड्या कडेत पाणी शिरलं की तो फुगतो. फुगलेला पुन्हा बसत नाही. म्हणून कपाट थेट फरशीवर ठेवायचं नाही. वॉटरप्रूफ प्लायची तीन-चार इंच उंचीची चौकट करून, ती लेव्हलमध्ये बसवून, तिच्यावर ते उभं करायचं. जिथे जिथे फळी कापली असेल तिथे प्रायमर चोपडून घ्यायचा. कोकणपट्टीत तर हे टाळूच नये.

जोडणी झाली की पाठीमागची पातळ फळी ठोकण्याआधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोन्ही मापं टेपने घ्यायची. सारखी भरली की कपाट गुण्यात आहे. ही पाठ किरकोळ वाटते, पण कपाटाला तिरकं होऊ देत नाही ती तीच. शेजारची दोन कपाटं क्लॅम्पने आवळून आतून स्क्रूने जोडायची. स्क्रू दोन्ही फळ्यांच्या एकत्र जाडीपेक्षा जरा आखूड हवा. आधी बारीक बिटने भोक पाडायचं आणि स्क्रू शेवटी हातानेच आवळायचा. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदाच नीट धरतो. भोक सैल झालंच तर त्यात फेविकॉल लावून लाकडी खुंटी ठोकायची, वाळू द्यायची आणि तिच्यात नव्याने भोक पाडायचं.

खरी कसोटी भिंतीशी. आपल्या घरांतल्या प्लास्टरच्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. कपाट सरळ उभं केलं की वर नखाएवढी फट राहते आणि खाली बोट जातं. ती झाकायला पाइनची पट्टी उभी, ओळंब्यात धरून तात्पुरती अडकवायची. सगळ्यात मोठ्या फटीएवढा लाकडाचा तुकडा घ्यायचा, त्याला पेन्सिल टेकवायची आणि तुकडा भिंतीला घासत वरून खाली आणायचा. भिंतीचा प्रत्येक फुगवटा, प्रत्येक खोलगटपणा पट्टीवर रेघेत उतरतो. त्या रेघेवर जिगसॉ चालवायची, पण पातं थोडं आत कलतं ठेवून, म्हणजे मागची बाजू अडत नाही आणि पुढची धार भिंतीला जाऊन बसते. उरलेलं पॉलिशपेपरने. पट्टी जागेवर गेली की भिंत आणि कपाट एक झाल्यासारखे दिसतात. या तासाभराच्या कामासाठी मी बाकीचं सगळं करायला तयार असतो.

पट्टी नुसत्या फेविकॉलने चिकटवू नये. फॉइलमध्ये तो मुरत नाही, त्यामुळे धरतही नाही. कपाटाच्या आतल्या बाजूने स्क्रू मारावा. पुस्तकांमागे तो दिसत नाही.

रंगाचंही तेच. गुळगुळीत फॉइलवर थेट रंग लावला तर नखाने निघतो. २२० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी मोडायची, फॉइल मात्र फाटू द्यायची नाही. धूळ पुसून गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर लावायचा आणि मग रोलरने रंगाचे पातळ हात द्यायचे. हाताला सुका लागलेला रंग आतून टणक व्हायला आणखी कितीतरी दिवस घेतो. तेवढ्यात जाड कोश ठेवले तर ते चिकटून बसतात. रुंद बिलीच्या एका फळीला ३० किलोची मर्यादा आहे. दिवाळी अंकांचे आडवे गठ्ठे रचणाऱ्यांनी फळीच्या पुढच्या कडेखाली उभी लाकडी पट्टी मारून घ्यावी, म्हणजे ती मध्ये झोळ धरत नाही.

आणि भिंतीचा ब्रॅकेट. २०१६ साली आयकियाने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून लहान मुलं दगावली होती. पुस्तकांनी भरलेलं उंच कपाट तितकंच धोक्याचं आहे. नव्या इमारतींत भिंती अनेकदा हलक्या ब्लॉकच्या असतात. विटेच्या भिंतीतला प्लग त्यांत सैल पडतो, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात भिंत कशाची आहे ते सांगूनच प्लग मागा. रंग राहिला तरी चालेल, पट्ट्या पुढच्या रविवारी होतील; पण ब्रॅकेट घट्ट बसल्याशिवाय एकही पुस्तक वर चढवू नका.