टिंबाआड दडलेल्या फाइली

युनिक्समध्ये 'एलएस' ही आज्ञा दिली की फाइलींची यादी येते, पण नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या फाइली तीत दिसत नाहीत. हे कुणी आखूनरेखून ठरवलेलं नव्हतं. युनिक्सच्या चमूत काम केलेले रॉब पाइक सांगतात त्याप्रमाणे, चालू आणि वरच्या फोल्डरच्या '.' आणि '..' या नोंदी यादीतून गाळण्यासाठी 'एलएस'मध्ये सोपी पळवाट काढली गेली: पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे. नेम दोघींवर होता, आडोसा सगळ्यांनाच मिळाला. प्रोग्रॅमरांनी मग आपली सेटिंग्ज अशाच टिंबाच्या फाइलींत ठेवली.

आता याच 'डॉटफाइल्स' गिटहब या कोडच्या साइटवर राजरोस वाटल्या जातात. डेव्हलपर माथियास बाइनेन्स यांचा संच प्रसिद्ध आहे. माझी सेटिंग्ज डोळे झाकून वापरू नका, अशी ताकीदही त्यात आहे. ती किती जण पाळतात, देव जाणे!

या संचांत हमखास सापडणारी एक युक्ती बघा. नवा फोल्डर बनवून लगेच त्यात शिरायचं, तर एरवी दोन आज्ञा लागतात. 'एमकेसीडी' नावाचं दोन-तीन ओळींचं फंक्शन ते एका दमात करतं. मात्र तेच वेगळी स्क्रिप्ट म्हणून चालवलं, तर फोल्डर बनतो आणि आपण जागच्या जागीच राहतो, कारण स्क्रिप्ट स्वतःच्या वेगळ्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालते आणि तिथला मुक्काम तिच्याबरोबरच संपतो.

डॉटफाइल्स वाटण्याच्या भरात पासवर्ड किंवा एपीआय की जगजाहीर होण्याचा धोका असतोच. फाइल नंतर पुसली तरी बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात ती शिल्लक राहते. म्हणून आधी ती की रद्द करून नवी घ्यावी लागते.