६१७४ चा खेळ कसा सुधारावा?

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र तिचे चारही अंक सारखे नकोत. ते अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. उत्तरावर हीच कृती पुन्हा करा. उदाहरणार्थ, ३५२४ घेऊ या.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

यापुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, म्हणजे संख्या बदलतच नाही! कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ गाठली जाते. हा शोध १९४९ मध्ये देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी लावला. विद्यार्थीदशेत, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते. हे परांजपे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे!

समजा, तुम्ही या कृतीचा संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा खेळ तयार केला. खेळणाऱ्याने संख्या द्यायची, किती पायऱ्या लागतील ते ओळखायचे आणि संगणकाने पडताळून दाखवायचे. आता त्यात सुधारणा करायच्या आहेत. रंग आणि आवाज नंतर पाहू. आधी खेळ कुठे फसतो ते शोधू या.

१००० ही संख्या देऊन पाहा. १००० − ०००१ = ०९९९. संगणकाने पुढचे शून्य गाळले तर उरते ९९९; पुढची वजाबाकी शून्य, आणि खेळ चुकीच्या ठिकाणी संपतो! शून्य राखले तर ८९९१, ८०८२, ८५३२ असे होत पाचव्या पायरीला ६१७४ येते. म्हणून पहिली सुधारणा : उत्तर नेहमी चार अंकीच लिहावे.

४४४४ दिली तर शून्यच येणार. अशी संख्या खेळाने नाकारावी, पण कारणही सांगावे. नाहीतर खेळणाऱ्याला वाटेल, आपलेच गणित चुकले.

तिसरा दोष अधिक गमतीचा आहे. तीन अंकी संख्यांसाठी ४९५ हे मुक्कामाचे ठिकाण आहे. मग दोन अंकी संख्यांचाही खेळ करावा असे वाटेल. ५२ घ्या : २७, ४५, ०९, ८१, ६३, आणि पुन्हा २७! हे चक्र कधीच थांबत नाही. ‘ठरलेली संख्या येईपर्यंत वजाबाकी करत राहा’ अशी आज्ञा दिलेली असेल, तर संगणक बिचारा फिरतच राहील. उपाय सोपा आहे. आलेली प्रत्येक संख्या टिपून ठेवावी आणि तीच पुन्हा आली की थांबावे. ६१७४ सुद्धा स्वतःलाच पुन्हा आणते, म्हणून हा एकच नियम दोन्हीकडे लागू पडतो.

आता सोपे-अवघड असे टप्पे पाडा. ३५२४ ला तीन पायऱ्या लागल्या. २००५ ला पूर्ण सात लागतात. संख्येच्या आकारावर अवघडपणा ठरत नाही, तो आधी मोजूनच ठरवावा लागतो.

जाता जाता एक काम. ५३९५५ ही पाच अंकी संख्या घेऊन वहीवर दोनच पायऱ्या करा. तुमच्या खेळात पाच अंकी संख्या घ्यायच्या असतील तर कोणती काळजी घ्यावी लागेल, हे तुमचे तुम्हालाच कळेल.