बाद न होण्याचा हिशेब

डिसेंबर 2001. मोहाली कसोटीत इंग्लंडविरुद्ध जिंकायला अवघ्या पाच धावा हव्या होत्या आणि सलामीला उतरला भारताचा वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी. पाचही धावा त्यानेच काढल्या, नाबाद राहून. पहिल्या डावातल्या 24 धरून एकूण 29. पुन्हा कसोटी वाट्याला आली नाही, म्हणून त्याची सरासरी कायमची 29 राहिली. सर्वोच्च धावसंख्येपेक्षा जास्त! कारण क्रिकेटमध्ये धावांना डावांनी नव्हे, तर किती वेळा बाद झाला त्या आकड्याने भागतात.

बाद होण्याची ही किंमत ओळखायला बेसबॉलला शंभर वर्षे लागली, आणि तिथल्या आकडेमोडीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक तर क्रिकेटचाच वार्ताहर होता! इंग्लंडमधल्या एक्झेटरचा जन्म, अमेरिकेत गेल्यावर बेसबॉलच्या प्रेमात पडलेला. पिचरने फटक्याच्या पट्ट्याबाहेर टाकलेले चार चेंडू सोडून दिले की फलंदाज चालत पहिल्या बेसवर जातो. हा ‘वॉक’ चॅडविकच्या लेखी पिचरची चूक, फलंदाजाची कमाई नव्हे. त्यामुळे सरासरीत फक्त हिट मोजले गेले. 1887 मध्ये एका हंगामापुरता वॉकही हिट धरला, सरासऱ्या फुगल्या आणि नियम लगेच मागे घेतला गेला. प्रश्न मात्र तसाच राहिला.

1954 मध्ये बेसबॉल संघाचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी ‘लाइफ’ मासिकात जुन्या सरासरीवर हल्ला चढवला. सोबतीला आकडेतज्ज्ञ ॲलन रॉथ. त्यांचे म्हणणे साधे होते: फलंदाज बेसवर पोहोचला की नाही, ते बघा. हिट, वॉक आणि अंगावर बसलेले चेंडू यांची बेरीज करायची आणि तिला जवळजवळ सगळ्या संधींनी भागायचे. हे ‘ऑन-बेस’ प्रमाण अधिकृत व्हायला 1984 उजाडले. 2002 मध्ये ओकलंडच्या संघाने कमी पैशांत वारंवार बेसवर पोहोचणारे खेळाडू गोळा करून 103 सामने जिंकले.

बेसबॉलपटू बॅरी बाँड्सचे 2004 साल तर डोळ्यांपुढून हलत नाही. 617 वेळा तो फलंदाजीला आला, 376 वेळा बेसवर पोहोचला, प्रमाण .609. त्यात 232 वॉक. जुनी सरासरी .362 सांगते, तीही थोरच, पण हे 232 तिला दिसतच नाहीत. फटक्याची ताकद मोजणारे स्लगिंग ऑन-बेस प्रमाणात मिळवले की ‘ओपीएस’ होतो. मला ही बेरीज पटत नाही. बेसवर पोहोचण्याचे मोल तिच्यात कमी धरले जाते.

आपल्याकडे शालेय सॉफ्टबॉलच्या एका सामन्यात मी गुणलेखनाला बसलो होतो. एक मुलगी तीनदा वॉक घेऊन बेसवर गेली, दोनदा धाव पूर्ण करून आली. निवडीच्या वेळी कुणी विचारले, ‘हिट किती?’ उत्तर होते शून्य. ती वही अजून माझ्याकडे आहे. नंतरच्या प्रत्येक वहीत मी वॉकचा रकाना हिटच्या शेजारीच आखत आलो आहे.