विश्लेषण : जर्मनीतील ‘मोफत’ शिक्षण नेमके कितीला पडते?

सरकारी विद्यापीठांत शैक्षणिक शुल्क नाही, हे खरे. पण व्हिसाच्या खिडकीपाशी सुमारे १२ लाख रुपये दाखवावे लागतात आणि पदवीनंतर नोकरी शोधायला मिळतात अठरा महिने. या दोन आकड्यांमधले गणित कसे असते?

अमेरिकेच्या व्हिसाचा भरवसा उरलेला नाही, कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली, ब्रिटनने बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास मनाई केली. त्यामुळे अभियांत्रिकी झालेल्या मुला-मुलींच्या घरात हल्ली जर्मनीचे नाव आधी निघते. २०२४-२५च्या हिवाळी सत्रात तेथे सुमारे ५९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत ही सर्वात मोठी संख्या.

‘मोफत’ म्हणजे काय?

बहुतेक सरकारी विद्यापीठांत दर सत्राला फक्त प्रशासकीय वर्गणी भरावी लागते. ती साधारण १०० ते ३५० युरो असते आणि अनेक ठिकाणी त्यातच शहरातील बस-रेल्वेचा पास येतो. मात्र याला अपवाद आहेत. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ही शहरे असलेले बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केले असून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ते सत्राला ४ ते ६ हजार युरो आहे.

खासगी विद्यापीठांचा मामला पूर्ण वेगळा. तेथे वर्षाला हजारो युरो मोजावे लागतात आणि एजंट ज्या ‘हमखास प्रवेशा’ची भाषा करतात तो बहुधा येथलाच असतो. २०२५ मध्ये बर्लिनमधील एका खासगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांना देश सोडण्यास सांगण्यात आले. अर्धा ऑनलाइन असलेल्या अभ्यासक्रमासाठी जर्मनीत राहण्याची गरज नाही, असे तेथील परकीय नागरिक कार्यालयाचे म्हणणे होते. पैसे भरलेले, कर्ज काढलेले आणि परवानाच नाही. म्हणून विद्यापीठ सरकारी की खासगी आणि वर्ग प्रत्यक्ष की ऑनलाइन, हे प्रश्न एजंटला नव्हे, विद्यापीठालाच ईमेल करून विचारावेत.

१२ लाख रुपये कशासाठी?

याला ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणतात. एका वर्षाच्या राहण्या-खाण्याचा खर्च आधीच या खात्यात भरायचा. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सुमारे १२ लाख. हे पैसे शुल्क म्हणून जात नाहीत. तेथे पोहोचल्यावर ते दरमहा ९९२ युरोप्रमाणे विद्यार्थ्यालाच परत मिळतात.

९९२ हा आकडा जर्मन विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या कमाल दरावरून आला आहे. त्या हिशेबात घरभाड्यासाठी ३८० युरो धरलेले आहेत. म्युनिकमध्ये सामायिक घरातील एका खोलीला सातशे-आठशे युरो सहज पडतात. पूर्वेकडील लाइपझिग किंवा केमनिट्ससारख्या शहरांत खर्च बराच आवाक्यात राहतो. शिवाय दरमहा दीडशे युरोंच्या आसपास आरोग्य विमा. सरकारी विम्याचा हा विद्यार्थी दर वयाच्या तिशीपर्यंतच मिळतो, हे नोकरी सोडून शिकायला जाणाऱ्यांच्या अनेकदा लक्षात येत नाही.

दुसऱ्या वर्षी परवान्याचे नूतनीकरण करताना पैशांची तजवीज पुन्हा दाखवावी लागते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम अडीच-तीन वर्षे लांबणे तेथे नवलाचे नाही. इथे मात्र बँकेचे घड्याळ थांबत नाही. शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांना सहसा अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिने ते वर्षभराची सवलत असते आणि व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते.

काम करून खर्च भागतो का?

कागदावर भागतो. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. पण विद्यार्थ्यांना बहुधा मिळतो तो ‘मिनीजॉब’, ज्याची महिन्याची मर्यादा ६०३ युरो आहे. म्हणजे भाडे आणि किराणा निघाला तर निघाला. जर्मन येत नसेल तर पर्याय उरतात ते गोदाम, स्वयंपाकघर आणि डिलिव्हरी. त्यामुळे ‘मुलगा तिथे कमावून हप्ता भरेल’ हे गृहीत धरून सातबारा किंवा घर गहाण टाकू नये.

व्हिसाची तयारी कधी सुरू करावी?

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना ‘एपीएस’ हे पदवी पडताळणीचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. शुल्क १८ हजार रुपये, कागदपत्रे दिल्लीला पाठवायची. हे वर्षभर आधी केलेले बरे. व्हिसा नाकारला गेल्यास दूतावासाकडे लेखी हरकत घेण्याची सोय जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या न्यायालयात जाणे, इतकेच. अर्थात, पहिलाच अर्ज नीट जायला हवा.

नोकरीचे काय?

जर्मन पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. पात्रतेची नोकरी मिळाली की ‘ब्लू कार्ड’. त्यासाठी २०२६ मध्ये वार्षिक पगाराची अट ५०,७०० युरो आहे. नव्या पदवीधरांना आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांना ती सुमारे ४५,९३४ युरो इतकी खाली येते. जर्मन पदवीधराला दोन वर्षे अशी नोकरी आणि निवृत्तिवेतनाचा भरणा झाल्यावर, भाषा येत असेल तर, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. या बाबतीत जर्मनी अमेरिकेपेक्षा कितीतरी सरळ आहे.

अडते ते भाषेपाशी. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी कारखान्यातली बैठक, ग्राहकाचा फोन आणि मुलाखतीनंतरच्या गप्पा जर्मनमध्ये होतात. संगणक क्षेत्र काहीसे अपवाद. यांत्रिकी किंवा स्थापत्यवाल्यांना ‘बी-वन’, बहुधा ‘बी-टू’ पातळी लागतेच. शून्यापासून ‘बी-वन’पर्यंत साधारण साडेतीनशे ते साडेसहाशे तासिका जातात. त्या जर्मनीत प्रकल्प, मिनीजॉब आणि भाड्याची खोली शोधणे सांभाळून काढणे अवघड. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे. इतर शहरांतही खासगी वर्ग आहेत. पदवीच्या तिसऱ्या वर्षात सुरुवात केली तर एपीएसचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत ही पातळी गाठता येते. घरी राहून, आईच्या हातचे जेवत.