आधी आदेश, मग विचारणा
शिक्षणविषयक नियम करताना मसुदा जाहीर करून हरकती-सूचना मागवण्याची रीत आहे. राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा मे २०२४ मध्ये आला. शेकडो पानांच्या या दस्तऐवजावर अभिप्रायाची मुदत ३ जूनपर्यंतच होती. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या पालकाने तो वाचायचा कधी? पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय मात्र रस्त्यावरच्या विरोधाने हलला. १७ जूनच्या सुधारित निर्णयाने सक्ती सैल झाली. ही सूटही फसवी, असे म्हणत विरोध वाढला. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करण्याची घोषणा झाली. लोकांना रीतसर विचारले गेले ते त्यानंतर : भाषा धोरण ठरवण्यासाठी नेमलेल्या डॉ. नरेंद्र जाधव समितीने शहरोशहरी बैठका घेतल्या, प्रश्नावलीतूनही मते मागवली.