विमानप्रवास, बाळाचे कान आणि झोपेचे औषध

‘डॉक्टर, परवा विमानाने जायचंय. बाळ फार रडतं हो. झोप लागेल असं काहीतरी लिहून द्या ना!’ ही मागणी माझ्याकडे आता वरचेवर होऊ लागली आहे. पूर्वी विमान म्हणजे आपल्याकडे अपूर्वाईची गोष्ट होती. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतील पहिली विमाने निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद हेही होते. पुढे कोल्हापूर, जळगाव, नाशिक येथूनही विमाने उडाली. शिवाय लेक-जावई बंगळूरला, दुबईला किंवा अमेरिकेत असतात. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक तीन महिन्यांचे बाळ कडेवर आणि अडीच-तीन वर्षांचे थोरले बोटाशी धरून परत निघते, तेव्हा घरातल्या आजीपासून सर्वांना एकच धास्ती असते : मुले विमानात रडली तर काय करायचे?

झोपेचे औषध मी देत नाही. का देत नाही, हे समजण्यासाठी आधी मूल विमानात रडते का, ते पाहू.

कान का दुखतात?

विमान तीस ते चाळीस हजार फुटांवरून उडते. आत हवा भरून दाब राखलेला असतो, पण तो जमिनीवरच्याइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा असेल तेवढाच असतो. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट उंच आहे. म्हणजे विमानात बसलेले बाळ त्याहूनही उंच जागी, तेही अर्ध्या तासात, जाऊन पोचते. तेथे प्राणवायू थोडा कमी मिळतो. निरोगी बाळाला तो पुरतो. त्रास होतो तो दाबाच्या चढउताराचा.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. ही पोकळी एका बारीक नळीने घशाच्या मागच्या बाजूला जोडलेली असते. एरवी ही नळी मिटलेली असते आणि आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते. विमान वर चढताना पडद्यामागची हवा प्रसरण पावते आणि नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना उलट होते. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि नळीच्या भिंती एकमेकींना चिकटून बसतात. आता हवा आत जायची तर गिळायलाच हवे. मोठा माणूस आवंढा गिळतो, जांभई देतो आणि सुटतो. बाळाची नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. त्यातून सर्दी असेल तर ती सुजलेली असते. म्हणून चढताना गप्प असलेले मूल उतरताना किंचाळते.

विमानात पूर्वी गोळ्या आणि कापूस वाटत असत, हे जुन्या प्रवाशांना आठवत असेल. त्यातली गोळी उपयोगाची होती, कारण ती चघळताना माणूस गिळत राहतो. कापसाने आवाज कमी होतो, दाब नाही. कानात कोमट तेल घालण्याचाही काही उपयोग नाही. अडचण पडद्याच्या आत आहे आणि तेल बाहेरच राहते.

उपाय : वेळेवर पाजणे

वर चढताना आणि विशेषतः उतरताना बाळाला अंगावर पाजा. विमान टेकण्याआधी साधारण अर्धा तास ते खाली येऊ लागते. कानांत दडा बसल्यासारखे तुम्हाला वाटले, की तीच पाजण्याची वेळ. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. विमानात बसल्याबसल्या बाळाला पोटभर पाजले, तर तासाभराच्या प्रवासात उतरताना ते तोंडही लावत नाही. म्हणून सुरुवातीला थोडेच पाजा आणि भूक उतरण्यासाठी राखून ठेवा. पाजताना डोके वर राहील असे धरा. वरच्या उंचीवर पोटातला वायूही चौथ्या हिश्शाने किंवा थोडा अधिकच फुगतो, म्हणून ढेकर जरूर काढा. आतली हवा फार कोरडी असते. लांबच्या प्रवासात नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी नको, आईचे दूध पुरते.

थोरल्याला पेल्यातून घोटघोट पाणी किंवा दूध द्या, केळे किंवा बिस्किट द्या. शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळी मात्र देऊ नका. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनलिकेत ते अडकू शकते. सर्दी असल्यास उतरायला लागण्यापूर्वी नाकात साध्या सलाइनचे थेंब घालावेत.

आणि एवढे करूनही बाळ रडलेच तर? रडताना मूल मध्येमध्ये गिळते, त्यानेही नळी उघडते. शेजारच्यांना त्रास होतो, पण बाळाच्या कानाला त्याने उतार पडतो. त्याचे ओशाळेपण आईने मानू नये.

झोपेचे औषध का नको?

यासाठी लोक बहुधा सर्दीचे पातळ औषध वापरतात. त्यातल्या क्लोरफेनिरामाइन, प्रोमेथाझिन यांसारख्या घटकांनी गुंगी येते. लहान मुलाचा मेंदू या गुंगीला नीट तोंड देऊ शकत नाही. श्वास मंदावू शकतो. प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालील मुलांचे श्वास थांबून मृत्यू झाले आहेत. अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर तसा ठळक इशारा छापतात. काही मुलांत तर उलटाच परिणाम होतो. मूल झोपण्याऐवजी चेकाळते आणि प्रवासभर आवरत नाही.

आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन यांच्या एकत्रित औषधावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असे छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा वापरू नयेत असे कळवले.

आता आधीचा मुद्दा आठवा. उतरताना मुलाने गिळायला हवे. गुंगीतले मूल गिळत नाही. म्हणजे प्राणवायू कमी असलेल्या जागी आपण त्याचा श्वास मंद करतो आणि कानाचे दुखणेही वाढवून ठेवतो. घुटीत जायफळ जास्त उगाळून देणे हाही तोच प्रकार. जायफळ प्रमाणाबाहेर गेले तर विषारी ठरते. ताप किंवा कानदुखी असेल तर पॅरासिटामॉल चालते, पण मात्रा वजनावर ठरते. ती आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

विमानात बसल्यावर

दोन वर्षांखालील बाळ वेगळी जागा न घेता मांडीवर घेता येते, पण एका मोठ्या माणसाजवळ एकच. बाळासाठी वेगळा छोटा पट्टा मागून घ्या. आपल्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळू नका. धक्का बसला तर तुमचे सारे वजन त्याच्यावर येईल. मुलांना मधल्या वाटेकडे बसवू नये. तेथून गरम चहाची गाडी जाते.

वरून प्राणवायूचे मुखवटे खाली आले तर आधी स्वतःला लावा, मग मुलाला. आईच्या मनाला हे पटत नाही, पण कारण साधे आहे. पस्तीस हजार फुटांवर दाब गेला तर माणूस अर्ध्या ते एका मिनिटात भान हरपतो. आईच बेशुद्ध झाली तर दोन्ही मुलांना मुखवटा कोण लावणार?

प्रवास केव्हा पुढे ढकलावा?

नवजात बाळाला पहिल्या आठवड्यात तरी विमानात नेऊ नये. दोन-तीन महिने थांबता आले तर उत्तम. कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, ते तिकीट काढतानाच विचारा आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. अपुऱ्या दिवसांचे बाळ, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, नुकताच झालेला न्यूमोनिया, रक्ताची मोठी कमतरता, कानात ठणका – यांपैकी काही असल्यास आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. साधी वाहती सर्दी एवढ्यासाठी मात्र प्रवास रद्द करण्याचे कारण नाही. दम्याचा पंप असेल तर तो हातातल्या पिशवीत हवा. सामानात टाकलेला पंप वेळेला उपयोगी पडत नाही. त्याच पिशवीत दुपटी, लंगोट, बाळाचे दोन जादा कपडे आणि आईचाही एक सदरा असू द्या.

उतरल्यावर दुसऱ्या दिवशीही मूल कान ओढत असेल, कानातून पाणी किंवा रक्त येत असेल, ताप असेल तर कानात काहीही न घालता डॉक्टरांना दाखवा. बहुतेक मुलांचे कान मात्र तासाभरात मोकळे होतात. प्रवासाला निघताना बाटलीतल्या औषधाची आठवण झाली, तर एवढे ध्यानात ठेवा : उतरताना बाळ जागे असावे, भुकेले असावे आणि आईच्या अंगावर असावे.